कर्नलची कुरकुर

पोरी, तुझ्या वाट्याला आता रात्रपाळी आली आहे, आणि तुझ्या हाताखालच्या निम्म्या मशिनींना स्वतःची अशी डिस्कच नाही. कुठे व्हर्च्युअल मशिनीतली व्हीडीए, कुठे साध्या फाइलला डिस्क म्हणवून घेणारं लूप डिव्हाइस, कुठे मेमरीतच थाटलेलं झेडरॅम, तर कुठे नेटवर्कपलीकडून येणारं एनबीडी. अशा ठिकाणी लिनक्सचा कर्नल जरा जास्तच बोलतो. त्यातलं बरंच निरुपद्रवी असतं, थोडं चक्क खोटं असतं आणि उरलेलं खरं असूनही खोट्यासारखं दिसतं. या तिसऱ्या प्रकारात माणसं फसतात. त्यामुळे ‘ही वॉर्निंग खोटी आहे’ हा निकाल सुनावणी झाल्यावरच द्यायचा, दारातून आत येता येता नाही. आत्याचं एवढं ऐकून घे, मग खुशाल मला म्हातारी म्हण.

आधी लॉग वाचायची शिस्त.

१. मशीन रीस्टार्ट करण्याआधी डीमेसेजचं सगळं आउटपुट फाइलमध्ये उतरव आणि ती फाइल दुसऱ्या मशिनीवर टाक — कर्नलचा लॉग बफर गोल फिरतो, जागा संपली की जुन्या ओळींवर नव्या बसतात, आणि रीबूटनंतर काहीच उरत नाही. पुसला लॉग, वाढला रोग.

२. कोणी उत्साहाने आधीच रीबूट करून ठेवलं असेल तर रागावू नकोस, जर्नलसीटीएलकडे मागच्या बूटचा कर्नल लॉग माग — जर्नल डिस्कवर जपायची सोय चालू असेल तर तो सापडतो. नसेल, तर ती सोय आजच चालू करून टाक.

३. शेवटची नको, पहिली वॉर्निंग शोध — पहिल्या गडबडीत एखादं लॉक अडकतं, मग त्याची वाट बघणारे एकेक करून ओरडायला लागतात आणि स्क्रीनवर शेवटी उरतो तो बिचारा निरपराध असतो. पहिली बोंब खरी, पुढच्या ओढती री.

४. ‘कट हिअर’च्या रेघेपासून ‘एंड ट्रेस’पर्यंत सगळं उचल, मधली रजिस्टरांची कंटाळवाणी जंत्रीसुद्धा — फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, प्रोसेस आणि कर्नलची आवृत्ती त्यातच असते. आणि हो, स्क्रीनशॉट पाठवू नकोस. चित्रात शब्द शोधता येत नाहीत, चष्मा लावूनसुद्धा.

५. टेंटची अक्षरं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस — ‘पी’ म्हणजे बंद परवान्याचं मॉड्यूल, ‘ओ’ म्हणजे कर्नलच्या बाहेर बांधलेलं मॉड्यूल आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे या मशिनीवर एक वॉर्निंग आधीच येऊन गेली आहे. नुसता आकडा दिसला तर ‘डब्ल्यू’चे ५१२ आणि ‘ओ’चे ४०९६ धर; ४६०८ दिसले की दोन्ही.

६. स्टॅक ट्रेसमध्ये ज्या फंक्शनच्या आधी प्रश्नचिन्ह आहे त्याच्यावर खटला भरू नकोस — ते नाव स्टॅकवर सापडलं एवढंच कर्नल सांगतोय, ते खरंच या वाटेने आलं का याची खात्री त्यालाही नाही.

७. डीमेसेजला माणसाच्या वेळेत छापायला सांगितलंस तर त्या वेळेवर पैज लावू नकोस — मशीन मध्ये सस्पेंड होऊन उठलं असेल तर ती वेळ चुकते. बूटपासूनचे सेकंद धरून हिशेब कर.

८. होस्टचा आणि गेस्टचा लॉग शेजारी ठेवण्याआधी दोघांचं घड्याळ कोणत्या देशात आहे ते बघ — एक यूटीसीत आणि दुसरा आपल्या वेळेत असला की साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि मग रात्री दोनच्या वॉर्निंगचं खापर संध्याकाळच्या बॅकअपवर फुटतं.

९. वॉर्निंग पुन्हा आली नाही म्हणून ‘गेली एकदाची’ असं लिहू नकोस — बऱ्याच वॉर्निंग एका बूटमध्ये एकदाच बोलायच्या हिशेबाने लिहिलेल्या असतात. डीबगएफएसमधल्या ‘क्लिअर वॉर्न वन्स’ या फाइलमध्ये १ लिहिलास की त्यांची जीभ पुन्हा सुटते, आणि मगच तुझ्या दुरुस्तीची परीक्षा होते.

१०. ‘कॉलबॅक्स सप्रेस्ड’ अशी ओळ दिसली तर तिच्या आधीचा आकडा नोंदव — तेवढे संदेश कर्नलने गिळले आहेत. साधारण नेम पाच सेकंदांत दहा संदेशांचा असतो, त्यामुळे लॉगमधल्या ओळी मोजून चुका किती झाल्या ते कळत नाही.

११. संदेशाची पातळी ० ते ७ मधली कोणतीही असो, तेवढ्यावरून घाबरू नकोस आणि निर्धास्तही होऊ नकोस — ती पातळी ड्रायव्हर लिहिणाऱ्याने त्या दिवशी ठरवलेली असते.

आता डिस्कांकडे वळू. इथे निम्मा गोंधळ नावांचाच असतो.

१२. वॉर्निंगमध्ये ‘डीएम-३’ दिसलं की गुगलकडे धावण्याआधी एलएसबीएलके आणि डीएमसेटअपचं झाड बघ — तो नुसता क्रमांक आहे, पुढच्या बूटला वेगळ्याच व्हॉल्यूमला मिळू शकतो. फिल्टरमध्ये तर तो कधीच लिहू नकोस.

१३. एफडी०वर आय-ओ एरर, सेक्टर ०, अशी ओळ व्हर्च्युअल मशिनीत दिसली तर आधी हसून घे — व्हर्च्युअल बायोस ‘फ्लॉपी आहे’ म्हणून सांगतो, कर्नल भाबडेपणाने वाचायला जातो आणि तिथे फ्लॉपी नसते. मशिनीच्या सेटिंगमधून फ्लॉपी काढ किंवा ते मॉड्यूल लोड होऊ देऊ नकोस. ओळ जाते आणि बूटही लवकर होतं.

१४. लूप डिव्हाइसची ‘कपॅसिटी ० वरून अमुक झाली’ ही ओळ वॉर्निंग नाहीच — कोणीतरी फाइल डिस्क म्हणून जोडली, एवढीच बातमी आहे. स्नॅप पॅकेजं वापरणाऱ्या मशिनीवर अशा ओळी भरपूर येतात; तो आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरांत असतो, हे माहीत असलेलं बरं.

१५. ‘बफर आय-ओ एरर’ दिसली की ओळीचा शेवट वाच — ‘असिंक पेज रीड’ असेल आणि ब्लॉक ० किंवा डिस्कच्या अगदी टोकाचा असेल, तर बहुधा यूडेव्हसारखं कोणीतरी डिस्कची ओळख पटवायला गेलं आणि तोवर एनबीडीची जोडणी सुटली होती. पण शेवट ‘लॉस्ट असिंक पेज राइट’ असेल तर चहाचा कप खाली ठेव.

या दोन शेवटांतला फरक नीट समजून घे, कारण घाईत दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहितो तेव्हा मजकूर आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत, जातो आणि प्रोग्रॅमला ‘झालं’ असं उत्तर मिळतं. डिस्कवर तो नंतर सावकाश उतरतो. तो उतरताना डिस्क गायब झाली असेल तर प्रोग्रॅम केव्हाच पुढे निघून गेलेला असतो, आणि त्याने एफसिंक केलं तरच त्याला चूक कळते. न केल्यास ती एक ओळ हाच सगळा पुरावा. वाचताना आलेली चूक बहुतेकदा पुन्हा वाचून तपासता येते. लिहिताना हरवलेलं पान परत मागायला जागाच नसते.

१६. ‘कॅश डेटा अनअव्हेलेबल’ आणि पाठोपाठ ‘अझ्यूमिंग ड्राइव्ह कॅश: राइट थ्रू’ ही जोडगोळी दिसली तर तिला हाकलू नकोस, बसवून विचारपूस कर — हिच्यात खोटं काही नाही, पण तिच्यामागचा समज चुकीचा असू शकतो.

१७. मग सिसएफएसमध्ये त्या डिस्कच्या क्यू फोल्डरमधली ‘राइट कॅश’ ही फाइल वाच — कर्नल त्या डिस्कला ‘राइट बॅक’ मानतो की ‘राइट थ्रू’, ते तिथे सरळ लिहिलेलं असतं.

१८. त्या फाइलमध्ये आपल्याला हवं ते लिहून ‘केलं दुरुस्त’ म्हणू नकोस — त्याने फक्त कर्नलचा समज बदलतो, डिस्क होती तशीच राहते.

या जोडगोळीवर जरा थांबते. व्हीएमवेअरच्या मशिनींत ती फार जुनी ओळखीची आहे आणि बरीच वर्षं ती एररच्या पातळीवर छापली जायची, म्हणून नवखं माणूस दचकतं. घडतं असं : कर्नल स्कझी डिस्कला तिच्या कॅशबद्दलचं माहितीचं पान मागतो. आभासी डिस्क ते देत नाही. मग कर्नल धरून चालतो, की ही डिस्क ‘लिहिलं’ म्हणते तेव्हा ते खरंच पक्क्या जागी पोचलेलं असतं, आणि वेगळा फ्लशचा हुकूम पाठवत नाही. होस्ट प्रामाणिक असेल तर यात काहीही वाईट नाही. पण होस्टने मजकूर स्वतःच्या मेमरीत ठेवून ‘पोचलं’ म्हणून सांगितलं आणि नेमकी वीज गेली, तर फाइल सिस्टिमच्या जर्नलचा क्रमच मोडतो. म्हणजे ओळ निरुपद्रवी आहे की नाही, हे गेस्टमध्ये बसून कळतच नाही. होस्टवाल्यांना विचारावंच लागतं. क्यूईएमयू असेल तर कॅशचा प्रकार विचार : ‘नन’ म्हणजे होस्टचं पेज कॅश टाळलं जातं, ‘राइट थ्रू’ आणि ‘डायरेक्ट सिंक’मध्ये प्रत्येक लिखाण पक्कं करून मगच उत्तर येतं, आणि ‘अनसेफ’मध्ये फ्लशचा हुकूम सरळ कानाआड केला जातो. हा शेवटचा प्रकार टाकाऊ चाचणीसाठी ठीक, डेटाबेससाठी नाही. आभासी डिस्क, खरी रिस्क.

१९. होस्टवाल्या टीमशी एरवीही बोलत जा, दिवाळीच्या फराळाचं ताट तिकडे आधी पाठव — तुझ्या गेस्टच्या निम्म्या वॉर्निंगची उत्तरं त्यांच्या स्क्रीनवर असतात.

२०. व्हर्च्युअल मशीन थांबवून पुन्हा चालू केलं, त्याचा स्नॅपशॉट घेतला किंवा ते दुसऱ्या होस्टवर हलवलं, की येणाऱ्या ‘सॉफ्ट लॉकअप, सीपीयू अमुक सेकंद अडकला’ या ओळीला लगेच बग म्हणू नकोस — गेस्टचं घड्याळ एकदम पुढे सरकतं आणि कर्नलला वाटतं, सीपीयूच इतका वेळ झोपला होता. यजमान डुलकी घेई, पाहुणा बदनाम होई.

२१. त्या ओळीतला आकडा बघ — वॉचडॉगची मर्यादा मुळात १० सेकंदांची आणि ओरड तिच्या दुपटीला, म्हणून खऱ्या लॉकअपमध्ये बावीस-तेवीस सेकंद दिसतात आणि ओळ पुन्हा पुन्हा येते. एकदाच आली आणि आकडा तासांच्या घरात असेल, तर मशीन कोणीतरी थांबवून ठेवलं होतं.

२२. टॉपमधला ‘एसटी’चा रकाना रोज बघायची सवय लाव — होस्टने तुझ्या वाट्याचा सीपीयू दुसऱ्याला दिला की तो वाढतो, आणि मग वॉर्निंगचं मूळ तुझ्या कर्नलमध्ये शोधण्यात रात्र जात नाही.

२३. ‘टास्क १२० सेकंदांहून जास्त अडकलेला आहे’ या संदेशाच्या पोटातच तो बंद करायची युक्ती लिहिलेली असते. ती वाच आणि सोडून दे — कर्नल सभ्यपणे स्वतःचं तोंड बांधायची दोरी आपल्या हातात देतो, म्हणून आपण ती बांधलीच पाहिजे असं नाही.

२४. हा संदेश दहा वेळा येऊन थांबला तर सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस — ‘हंग टास्क वॉर्निंग्ज’चा कोटा मुळात १० चा आहे, कोटा संपला, आजार नाही.

२५. मग डिस्कवर न उतरवलेल्या पानांची गोळाबेरीज कर : मेमइन्फोमधले ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ हे दोन आकडे दर थोड्या वेळाने टिपत राहा — पुष्कळदा लॉक नसतं, बग नसतो, डिस्क फक्त हळू असते आणि मेमरी फार मोठी.

हा पंचविसावा नुसता वाचून सोडू नकोस, हिशेब करून बघ. कर्नलचा नेम असा, की वापरता येण्याजोग्या मेमरीच्या १० टक्क्यांपर्यंत न उतरवलेली पानं साचली की मागच्या मागे डिस्कवर उतरवायला लागायचं, आणि २० टक्क्यांना लिहिणाऱ्यालाच थांबवायचं. समज, जवळपास ६४ जीबी मेमरी मोकळी आहे. तिचे वीस टक्के म्हणजे सुमारे १३ जीबी. आणि तुझी आभासी डिस्क गर्दीच्या वेळी सेकंदाला ५० एमबी लिहिते. सगळं उतरायला चार मिनिटांहून जास्त लागणार. त्या दरम्यान कोणी सिंक केलं की ते १२० सेकंद ओलांडणारच, आणि कर्नल ओरडणारच. इथे बग शोधत बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. उपाय साधा आहे : टक्क्यांऐवजी ‘डर्टी बाइट्स’मध्ये डिस्कला झेपेल एवढी ठरावीक मर्यादा दे. ती दिलीस की टक्क्यांची जागा आपोआप शून्य दाखवते. ते बिघडलेलं नाही, दोन्हींपैकी एकच चालतं.

मेमरीचा विषय निघालाच आहे, तर तिथल्याही चार गोष्टी.

२६. ‘फ्री’ कमांडमधला मोकळ्या मेमरीचा रकाना बघून धास्तावू नकोस, शेवटचा ‘अव्हेलेबल’ बघ — पेज कॅश गरज पडली की जागा सोडतं. २०१४ मध्ये ३.१४ या आवृत्तीत कर्नलने हा अंदाज स्वतःच द्यायला सुरुवात केली, तेव्हा बेरीज-वजाबाकीचे जुने ठोकताळे आता पेटीत ठेव. मोकळी रॅम, काय तिचं काम!

२७. ‘ड्रॉप कॅशेस’ला औषध समजून रोज क्रॉनमध्ये घालू नकोस — ते चाचणीसाठी आहे, १ ने पेज कॅश, २ ने स्लॅबमधल्या डेंट्री आणि आयनोड, ३ ने दोन्ही जातात, आणि पुढचा तासभर सगळी वाचनं पुन्हा डिस्कवर येऊन आदळतात.

२८. चाचणीत वापरलंस तर आधी सिंक कर — न उतरवलेली पानं ते टाकत नाही, मग ‘कॅश रिकामं केलं तरी मेमरी सुटत नाही’ असा नवाच संशय जन्माला येतो. शिवाय कोणी केलं त्याची ओळ लॉगमध्ये पडते. ती बघून कोणाला विचारायचं ते कळतं.

२९. लूप डिव्हाइसमुळे मेमरी दुप्पट भरल्यासारखी दिसली तर लोसेटअपमध्ये डायरेक्ट आय-ओ चालू आहे का ते बघ — नसेल तर तोच मजकूर एकदा लूपवरच्या फाइल सिस्टिमच्या नावाने आणि एकदा खालच्या फाइलच्या नावाने, असा दोनदा कॅशमध्ये बसतो.

३०. झेडरॅमचा हिशेब त्याच्या ‘एमएम स्टॅट’मधून घे; पहिला आकडा मूळ मजकुराचा, दुसरा दाबलेल्याचा, तिसरा खरोखर अडवलेल्या मेमरीचा — स्वॅपमध्ये ‘८ जीबी वापरले’ दिसलं तरी ते डिस्कवर गेलेले नसतात, त्याच रॅममध्ये कमी जागेत बसलेले असतात. आधीच दाबलेला मजकूर, म्हणजे व्हिडिओ किंवा झिप, तिथे फारसा दबत नाही.

३१. ‘पेज अलोकेशन फेल्युअर’ म्हणजे मेमरी संपली असं नाही. आधी ‘ऑर्डर’ बघ — ऑर्डर ४ म्हणजे सलग १६ पानं, ४ केबीच्या हिशेबाने ६४ केबी एकाच ओळीत हवे होते. सुटी पानं ढीगभर असूनही सलग मिळत नाहीत. बडीइन्फोमध्ये ते उघड दिसतं. ऑर्डर ० ला नकार मिळाला असेल तर मात्र खरोखरच ओढाताण आहे.

आता लॉकडेप. ही माझी आवडती, कारण हिच्याइतकं खोटं कोणी बोलत नाही असं लोक म्हणतात आणि तिच्याइतकं खरं मी कोणाकडून ऐकलेलं नाही. इंगो मोलनार यांनी लिहिलेली ही व्यवस्था २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत कर्नलमध्ये आली. प्रत्यक्ष कोंडी झालेली नसताना ‘या क्रमाने लॉक घेत राहिलात तर एक दिवस कोंडी होईल’ हे ती आधी सांगते. आणि ती लॉकांना व्यक्ती म्हणून ओळखत नाही, आडनावाने ओळखते. वाड्यात दोन कुलकर्णी असतील आणि खालचा कुलकर्णी वरच्याची वाट बघत उभा असेल, तर ती ओरडते : कुलकर्णी स्वतःचीच वाट बघतोय, आता जन्मभर तिथेच उभा राहणार!

३२. लूपवरची फाइल सिस्टिम आणि त्या लूपची फाइल जिच्यात आहे ती फाइल सिस्टिम एकाच जातीच्या असतील, तर लॉकडेपचं ‘सर्क्युलर डिपेन्डन्सी’ हे गाऱ्हाणं आधी आडनावाच्या चष्म्यातून तपास — दोन वेगळ्या डिस्कांवरची दोन वेगळी लॉकं तिला एकच दिसू शकतात.

३३. पण वेगळी आहेत म्हणून तिथेच थांबू नकोस. वरच्या-खालच्याचा क्रम नेहमी तोच राहतो का ते कागदावर काढून बघ — कोणी लूपवर लूप रचला किंवा क्रम उलटा करता आला, तर खोटी वाटणारी कोंडी खरी होते.

३४. गाऱ्हाण्यात ‘एफएस रिक्लेम’ हे नाव दिसलं तर ‘खोटी’ हा शब्द गिळून टाक — ब्लॉक ड्रायव्हरने हातात लॉक धरून साधी जीएफपी-कर्नल पद्धतीने मेमरी मागितली, तर टंचाईत कर्नल तीच मेमरी मोकळी करायला पानं डिस्कवर पाठवेल, आणि त्या डिस्कच्या वाटेत तेच लॉक असेल. चाचणीत मेमरी भरपूर असते, म्हणून महिनोन्‌महिने काही होत नाही.

३५. अशा ठिकाणी दुरुस्ती म्हणजे मागणीच सौम्य करणं, जीएफपी-नोआयओ किंवा ‘मेमअलोक नोआयओ’ची कुंपणं — त्याने कर्नलला कळतं, की मेमरी दे पण त्यासाठी डिस्कला हात लावू नकोस.

३६. लॉकडेप एकदा ओरडली की त्या बूटपुरती गप्प होते, हे ध्यानात ठेव — पहिलं गाऱ्हाणं खोटं म्हणून सोडलंस तर मागचं खरं गाऱ्हाणं ती सांगणारच नाही. म्हणूनच खोटं असलं तरी दुरुस्त करावं लागतं.

३७. बंद परवान्याचं मॉड्यूल लोड झालं तर ती मुळात कामच थांबवते, ‘मॅक्स लॉकडेप’ने सुरू होणारी ‘टू लो’ची तक्रार आली तर तिची वही भरली आहे — दोन्हींत तुझ्या लॉकांबद्दल तिने काहीच म्हटलेलं नाही.

३८. खरोखरच खोटं निघालं तर तिला बंद करू नकोस, दोन लॉकांना दोन आडनावं दे — वेगळा लॉक क्लास किंवा ‘नेस्टेड’ प्रकार वापरलास की तिचे डोळे बाकीच्यांवर उघडे राहतात.

मेमरी गळतीचे शोधक यापेक्षा साधे, त्यांना लवकर आटपते.

३९. केमेमलीकच्या पहिल्या यादीवर विश्वास टाकू नकोस. आधी यादी पूस, चाचणी चालव, मग स्कॅन कर आणि थोड्या वेळाने पुन्हा कर — तो मेमरीत पॉइंटर शोधत फिरतो, आणि क्षणभर फक्त रजिस्टरमध्ये असलेला किंवा वेष बदलून साठवलेला पॉइंटर त्याला दिसत नाही. दर दहा मिनिटांनी तो आपणहून फिरतोच, त्यामुळे खरी गळती यादीत टिकते आणि वाढते.

४०. स्लॅबइन्फोत एखादं कॅश फुगलेलं दिसलं म्हणून त्याच्या मालकाच्या दारात जाऊ नकोस — सारख्या मापाची कॅश कर्नल एकत्र करतो, नाव एकाचं आणि पोट दुसऱ्याचं. ‘स्लॅब नोमर्ज’ देऊन बूट केलंस की खरा खाणारा कळतो.

४१. मॉड्यूल काढताना ‘कॅशमध्ये अजून ऑब्जेक्ट शिल्लक’ अशी ओरड आली आणि दुसऱ्यांदा आली नाही, तर तिला योगायोग म्हणू नकोस — आरसीयूने नंतर सोडायच्या ठेवलेल्या वस्तू अजून सुटलेल्या नसतात, आणि आरसीयू बॅरिअर घालायचं राहून गेलेलं असतं.

४२. ‘या नावाचं केमेम कॅश आधीच आहे’ ही वॉर्निंग ६.१२ पासून डीबग व्हीएम चालू असलेल्या कर्नलमध्ये दिसते. ती ड्रायव्हरचा आळस दाखवते, डिस्कचा दोष नाही — होस्टचं फोल्डर गेस्टमध्ये आणणारं ९पी प्रत्येक माउंटला एकाच नावाचं कॅश करायचं, दुसऱ्या माउंटला ओरड व्हायची. नंतरच्या दुरुस्तीत प्रत्येक कॅशला वेगळं नाव दिलं गेलं.

४३. केएएसएएन, लॉकडेप, केमेमलीक सगळं एकदम चालू करून वर ‘मशीन अडकतंय’ अशी तक्रार करू नकोस — ही साधनं स्वतःच मशिनीला इतकं संथ करतात की वेळेच्या वॉर्निंग त्यांच्यामुळेच येतात.

साधनं झाली, आता चाचणी, कळवणं आणि फिल्टर.

४४. प्रॉडक्शनची डिस्क चाचणीला वापरू नकोस, नल ब्लॉक, स्कझी डीबग, डीएम-डिले आणि डीएम-फ्लेकी आहेत ना — पहिल्या दोघांनी खोटी डिस्क मिळते, तिसऱ्याने हवी तेवढी मिलिसेकंद रेंगाळणारी आणि चौथ्याने मधूनमधून रुसणारी.

४५. वॉर्निंग मागाल तेव्हा आणता आली तरच बायसेक्ट सुरू कर — हजार बदलांतून दोषी शोधायला दहाच फेऱ्या लागतात, पण एका फेरीत ‘आली नाही’ हे चुकीचं लिहिलंस तर उरलेल्या सगळ्या वाया.

४६. पत्त्यांवरून ओळी काढताना डिकोड स्टॅकट्रेसला त्याच बिल्डचं व्हीएमलिनक्स दे — जवळपासच्या आवृत्तीचं दिलंस तर तो तितक्याच आत्मविश्वासाने चुकीची ओळ दाखवतो.

४७. देखभाल करणाऱ्याला कळवताना ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्टला विचार, पूर्ण लॉग, कॉन्फिग आणि आवृत्ती जोड, आणि मथळ्यात ‘खोटी वॉर्निंग’ असं लिहू नकोस — ते ठरवायला त्याला चार गोष्टी तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतात.

४८. सुनावणी झाली, खोटी ठरली, आता मॉनिटरिंगमध्ये फिल्टर लावायचा आहे, तर अख्खा मजकूर आणि फंक्शनचं नाव धरून लाव, नुसता ‘वॉर्निंग’ शब्द धरून नको — उद्याची नवी ओरड त्याच झाकणाखाली जाईल. झाकली कुरकुर, वाढली हुरहुर.

४९. फिल्टरच्या शेजारी कर्नलची आवृत्ती, कोणत्या पुराव्यावरून खोटी ठरवली आणि कोणत्या तारखेला पुन्हा बघायचं ते लिही — कर्नल बदलला की ओळ तीच राहते आणि कारण बदलतं.

५०. ‘डब्ल्यू’ लागलेलं मशीन सकाळच्या पाळीकडे तसंच सोपवू नकोस. लॉग काढून ठेव, सवडीने रीबूट कर, मग दे — नाहीतर सकाळी येणारी प्रत्येक खरी वॉर्निंग ‘हे रात्रीचंच असेल’ म्हणून बाजूला पडेल, आणि दुपारी तुला झोपेतून उठवतील.